ब्रेकबाईंचा उजवा पाय

त्यांचं खरं नाव फक्त लायसन्सवर आणि विजेच्या बिलावर. गल्लीत त्या ब्रेकबाई. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटपाशी एक जादा ब्रेक बसवलेला असतो, त्यावर उजवा पाय अधांतरी धरून त्यांनी आयुष्याची अठरा वर्षं काढली. या अठरा वर्षांत एक अपघात नाही, गाडीला साधा ओरखडा नाही. हे त्या स्वतः सांगायच्या. जे त्या सांगत नसत ते गल्ली सांगायची. त्यांच्याकडे शिकलेला माणूस लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. खुद्द नवरा चार वेळा नापास. चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासणारा हा गृहस्थ पाचव्या खेपेला गुपचूप दुसऱ्याच स्कूलमध्ये जाऊन पास होऊन आला, आणि अजूनही घरात तो विषय निघाला की चष्मा काढून पुसत बसतो.

पाय दाबायची सवय हाडात मुरलेली. दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसल्या तरी बाई पाय रोवायच्या. घरी टीव्हीवर एखादी गाडी वळणावर भरधाव गेली की इकडे स्टुलावरचा चहा सांडायचा. नवरा म्हणायचा, "अगं, ती गाडी तुझ्या हातात नाही." बाई म्हणायच्या, "म्हणूनच."

शेवटी गुडघ्याने संप पुकारला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "दिवसभर करता काय तुम्ही?"

"बसते."

"बसून गुडघ्याची अशी दशा होत नाही."

"पाय उचलून बसते."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, "वर्षभरात हे काम सोडा. नाहीतर जिने चढायचं विसरा." बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही.

बसून करायचं काम हवं होतं, तेही दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. नणंदेने एक कागद आणून दिला. आणला तो गंमत म्हणूनच, कारण ही नणंद वहिनीला चिमटा काढल्याशिवाय चहा न घेणाऱ्यातली. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा प्रोग्रामिंगचा कोर्स, वयाची अट नाही. पहिलं वर्ष दहा महिन्यांचं, त्याच्या शेवटी जोडीने करायचा प्रोजेक्ट. प्रोजेक्ट तपासायला एका सॉफ्टवेअर कंपनीची माणसं येणार आणि त्यातून सहा जणांना शिकाऊ म्हणून कामावर घेणार. या शिकाऊ जागांना मात्र वयाची अट होती, पंचेचाळीसच्या आत. बाईंना पंचेचाळीस पूर्ण व्हायला अकरा महिने होते. काठावर का होईना, बसत होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज भरला. नणंदेचा चहा कपातच राहिला.

कॉलेजची कॉम्प्युटरची खोली दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे तिथेही जिने आलेच. खोलीत बावीस कॉम्प्युटर. त्यातल्या तीन कीबोर्डांवरची अक्षरं इतकी झिजलेली की बोटांना पाठ असेल तोच टिकेल. एसीतून पाणी ठिबकायचं म्हणून चौथ्या रांगेत कायम एक बादली. शिकवणारे सर तिशीतले, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, पण फळ्यावर उमटणारं एकही नाही. बाईंनी गुडघ्याच्या सोयीने दाराजवळची जागा धरली. त्यांच्या निम्म्या वयाची मुलं आजूबाजूला. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "काकू, कुणाला सोडायला आलात?"

बाई म्हणाल्या, "मलाच." आणि बसल्या.

पुढचे काही महिने कसे गेले ते न विचारलेलं बरं. ओळीच्या शेवटी एक कोलन राहिला म्हणून चाळीस मिनिटं. ओळ चार जागा आत सरकवायची ती तीनच सरकली म्हणून अख्खी दुपार. पडद्यावर लाल अक्षरं भसाभसा यायची आणि बाई दचकून ती खिडकीच बंद करून टाकायच्या. लाल दिसलं की थांबायचं एवढंच त्यांना अठरा वर्षं ठाऊक, लाल दिसलं की वाचायचं असतं हे डोक्यात शिरेना. सर सांगायचे, "अहो, त्या लाल मजकुरातच लिहिलेलं असतं काय बिघडलंय ते." बाई मान डोलवायच्या, आणि पुढच्या लालला पुन्हा खिडकी बंद. सकाळी गाडी, दुपारी कॉलेज, घरी आल्यावर गुडघ्याला शेक. शेक घेता घेता मांडीवर वही, आणि वहीत कंस. उघडलेले कंस, बंद केलेले कंस, आणि कुणीच वाली नसलेले कंस.

नणंद दाराशी आली की विचारायची, "काय वहिनी, तुम्ही कॉम्प्युटर शिकताय की तो तुम्हाला शिकतोय?"

"दोघंही एकमेकांना कंटाळलोय."

"मग सोडून द्या की."

"तू आणलेला कागद आहे ना, मग शेवटपर्यंत तुझ्या नावाने बोटं मोडत शिकणार."

पाचव्या महिन्यात सरांनी जोड्या लावल्या. म्हणाले, "एक जण ड्रायव्हर, एक जण नॅव्हिगेटर. ड्रायव्हर टाइप करेल. दुसऱ्याने शेजारी बसून बघायचं आणि बोलायचं. कीबोर्डला हात लावायचा नाही."

बाईंचा चेहरा त्या खोलीत पहिल्यांदा उजळला. शेजारी बसणं म्हणजे तर त्यांचं घरचं काम. इतके दिवस ज्या कोर्सने त्यांना जमिनीवर लोळवलं, तो आता आपल्या रस्त्यावर आला असं त्यांना वाटलं.

त्यांच्या वाट्याला आली ती विशीतली एक अबोल मुलगी. गळ्यात वाटीएवढे दोन हेडफोन अडकवलेले, म्हणून वर्गात तिला सगळे हेडफोनच म्हणायचे. बाकीची मुलं बाईंना काकू म्हणायची. ही म्हणाली, "या मॅडम." बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटण्यापलीकडे त्यांनी काही विचार केला नाही.

प्रोजेक्ट ठरवायला वेळ लागला नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या तासांचं बुकिंग : कोण शिकणार, कोणती गाडी, कोणता दिवस, किती वाजता. बाईंना त्यातली खाच न् खाच माहीत. अडचण निघाली ती वेगळीच. हेडफोन टाइप करायला लागली की बाईंचा हात आपोआप पुढे. तिने कंस उघडला रे उघडला की बाईंचं बोट बंद करायला हजर. तिने चुकीचं अक्षर दाबायच्या आत बाईंनी खोडायचं बटण दाबलेलं.

"मॅडम, मी करत होते."

"हो गं, म्हटलं राहून जाईल."

"राहिलं असतं तर कळलं असतं ना मला."

"कळेपर्यंत कशाला थांबायचं?"

तिसऱ्या दिवशी हेडफोनने आपली सॅक दोघींच्या मधे उभी केली, किल्ल्याच्या भिंतीसारखी. पाचव्या दिवशी तिने कामच वाटून घेतलं. "पडद्यावर दिसणारं सगळं मी करते. बुकिंग साठवायचं काम तुम्ही करा. आपापल्या कॉम्प्युटरवर." सरांचा नियम गेला खड्ड्यात, पण दोघींना मोकळा श्वास मिळाला.

आणि त्याच आठवड्यात बाईंना पुस्तकाच्या एकशे चाळिसाव्या पानावर ते सापडलं. प्रोग्रामला सांगायची एक युक्ती : हे करून बघ, चूक निघाली तर तिथल्या तिथे पकड, आणि काही न बोलता पुढे चल. बाईंनी ते पान तीनदा वाचलं. हा तर आपला जादा ब्रेक. त्याखाली बारीक अक्षरांत 'जपून वापरावे' असंही छापलेलं होतं. पण नवरा चष्म्याच्या दुकानात असूनही बाईंचा वाचायचा चष्मा कायम दुसऱ्या पर्समध्ये.

त्यांनी ती युक्ती एका जागी लावून पाहिली. लाल अक्षरं आलीच नाहीत. मग दुसऱ्या जागी लावली, मग तिसऱ्या. पुढे पुढे तर जरा कुठे खुट्ट झालं की बाई तिथे ब्रेक ठोकायच्या. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा पडदा शांत झाला. शेजारच्या मुलांचे प्रोग्राम चालता चालता धडाधड पडत होते, मुलं डोकी धरून बसत होती, आणि बाई दाराजवळच्या जागेवर एखाद्या संस्थानिकासारख्या.

"तुमचा थांबत नाही?" सरांनी जाता जाता विचारलं.

"एकदाही नाही."

"अरे वा," म्हणत सर पुढच्या रडणाऱ्याकडे गेले. तपासलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

घरी तर विचारूच नका. नणंदेला मुद्दाम बोलावून चहा पाजला. "माझा प्रोग्राम पडत नाही," असं तीनदा सांगितलं. नवरा म्हणाला, "म्हणजे अगदी तुझ्या गाडीसारखा." तो मनापासून म्हणाला की कसं, ते त्याचं त्यालाच माहीत. चष्मा तेव्हा पुसत होता, एवढं खरं.

तपासणीच्या दिवशी कंपनीतून एक बाई आल्या. सुती साडी, हातात नुसती एक वही, आवाज बँकेतल्या चौकशीच्या खिडकीसारखा. प्रत्येक जोडीपुढे त्या बसत, पाच-दहा मिनिटं काहीबाही टाइप करत, वहीत दोन ओळी लिहून उठत. ब्रेकबाईंच्या वाढदिवसाला त्या दिवशी बरोबर तेवीस दिवस उरले होते, आणि त्यांनी नवी चप्पल घातली होती.

कंपनीच्या बाईंनी एक बुकिंग टाकलं. महिना तीस दिवसांचा, तारीख टाकली एकतीस. पडद्यावर आलं : बुकिंग झाले.

त्यांनी वेळ टाकली पंचवीस वाजता. बुकिंग झाले.

नावाची जागा कोरी ठेवली, फोन नंबरच्या जागी तीन फुल्या मारल्या. बुकिंग झाले.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. कंपनीच्या बाईंनी आता एक सरळ, शहाण्यासारखं बुकिंग टाकलं. खरी तारीख, खरी वेळ, खरं नाव. फोन नंबर मात्र सगळे लिहितात तसा मधे आडवी रेघ देऊन लिहिला. बुकिंग झाले. मग त्यांनी बुकिंगची यादी उघडली. यादी रिकामी. एकही नाव नाही.

"हे कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

ब्रेकबाईंनी यादी पुन्हा उघडली. मग पुन्हा. यादी कोरी करकरीत. फोन नंबरचा आकडा करताना त्या आडव्या रेघेवर प्रोग्राम अडखळत होता, अडखळला की ब्रेक लागत होता, साठवायचं तसंच राहून जात होतं, आणि वर हसतमुखाने 'झाले' म्हणून सांगत होता. पण हे त्या क्षणी बाईंना कुठलं कळायला. कळायचं ते लाल अक्षरांत कळलं असतं, आणि लाल अक्षरांचा बंदोबस्त त्यांनीच केलेला.

कंपनीच्या बाई म्हणाल्या, "पडणारे प्रोग्राम मी सकाळपासून दहा बघितले. त्याचं काही नाही. तुमचा खोटं बोलतो." वहीत त्यांनी दोनऐवजी एकच ओळ लिहिली. "दहा दिवसांनी फेरतपासणी आहे. बघा जमतंय का."

बाहेरच्या व्हरांड्यात हेडफोनने पहिल्यांदा आवाज चढवला. तिने बाईंच्या कॉम्प्युटरवरचा सगळा मजकूर वाचून काढला होता. "तेवीस. तेवीस ठिकाणी तुम्ही ते लावलंय. माझ्या पडद्यांमधेसुद्धा घुसून लावलंय."

"पडू नये म्हणून लावलं."

"पडायला हवं होतं."

"लोकांसमोर? चारचौघांत तोंडावर आपटायचं?"

हेडफोनने गळ्यातले हेडफोन काढून हातात घेतले. "मॅडम, तुम्ही मला अजून ओळखलं नाहीत ना?"

बाईंनी पाहिलं. मग पर्समध्ये चष्मा चाचपला.

"दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे गाडी शिकले. चाळीस तास. तेव्हा केस लांब होते माझे. दोनदा नापास झाले परीक्षेत. तुमच्या गाडीत मला कधी कळलंच नाही की मी चुकतेय. गाडी आपली आपोआप थांबायची. मला वाटायचं, किती छान चालवते मी. परीक्षेला दुसऱ्याच गाडीत शेजारी साहेब बसले, त्यांनी पाय हलवला नाही, आणि मी सरळ जाऊन खांबाला चिकटले."

बाई म्हणाल्या, "मग आधी का नाही बोललीस?"

"तेव्हा बोलायला वेळ कुठे द्यायचात तुम्ही. आणि आताही."

ती जिना उतरून गेली. बाई नव्या चपलेसकट तिथेच उभ्या राहिल्या. राग आला होता. खरं तर रागच जास्त आला. अठरा वर्षांत एक ओरखडा नाही, याची ही परतफेड. जिना उतरताना प्रत्येक पायरीला गुडघा आपलंही मत देत होता.

घरी गेल्यावर त्यांनी चप्पल कोपऱ्यात भिरकावली. नवऱ्याला एवढंच विचारलं, "तू चार वेळा नापास का झालास?"

तो चष्मा पुसू लागला.

"पुसू नका तो. सांगा." रागावल्या की बाई त्याला अहोजाहो करायच्या.

"मला वाटायचं मला येतं," तो म्हणाला. "तू शेजारी असलीस की सगळं येतं असंच वाटायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दाताचे डॉक्टर गाडी शिकायला आले. सभ्य, घाबरट माणूस. तिसावा तास, आणि अजून वळण म्हटलं की त्यांच्या कपाळावर घाम. बाई शेजारी बसल्या आणि त्यांनी उजवा पाय उचलून खाली ठेवला. चप्पल जमिनीला टेकली. टेकली एवढंच, कारण पायाला ते मान्य नव्हतं. तो सारखा वर येत होता, आणि बाई दोन्ही हातांनी स्वतःची मांडी दाबून धरत होत्या. रस्ता रिकामा, गाडी चालण्याच्या वेगात, समोर रुंद वळण. डॉक्टरांनी चाक उशिरा फिरवलं. फूटपाथची कड जवळ येताना बाईंना दिसत होती, एखाद्याला आपलंच पाकीट पडताना दिसावं तशी. धप्प. पुढचं चाक कडेवर चढलं आणि गाडी बंद पडली. अठरा वर्षांतला पहिला ओरखडा.

"काय झालं?" डॉक्टरांनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने विचारलं.

"तुम्ही सांगा," बाई दातांवर दात दाबून म्हणाल्या.

डॉक्टर खाली उतरले, चाक पाहिलं, मागे चालत जाऊन वळण पाहिलं, आणि परत आले. "मी खांब मागे गेल्यावर फिरवतोय. आधी फिरवायला हवं. रोजच असं करतो का मी?"

"रोज."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"पुन्हा घ्या वळण," बाई म्हणाल्या. त्या दिवशी डॉक्टरांनी तेच वळण सात वेळा घेतलं. पाचव्यांदा बरोबर घेतलं. आणि मग एखाद्या शाळकरी मुलासारखे हसले. बाईंना हसू आलं नाही. तीस तास या माणसाचे आपण खाल्ले, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

दुपारी त्या कॉलेजात गेल्या. हेडफोन आधीच येऊन बसली होती, मधे सॅक. बाईंनी सॅक उचलून खाली ठेवली. माफीबिफी मागायची त्यांची रीत नाही. म्हणाल्या, "काढ सगळे."

"तेवीसही?"

"तेवीसही. आणि खिडकी बंद करायला लागले तर माझा हात धर."

पहिला काढला आणि प्रोग्राम पडला. दुसरा काढला, पुन्हा पडला. त्या दुपारी तो इतक्या वेळा पडला की मागच्या रांगेतली मुलं मोजायला लागली. लाल मजकूर खालून वर वाचायचा असतो, हे बाईंना नऊ-दहा महिन्यांपासून सांगितलं जात होतं, ते त्यांनी त्या दिवशी ऐकलं. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते, त्याच्या वर कुठे बिघडलं ते. त्या मोठ्याने वाचायच्या आणि हेडफोन दुरुस्त करायची, मग हेडफोन वाचायची आणि बाई करायच्या. सुखाचं काही नव्हतं त्यात. एक भोक बुजवलं की दोन नवीन निघायची. फोन नंबर धड झाला तर तारखा बिघडल्या, तारखा धड झाल्या तर एकाच गाडीवर एकाच वेळी चौघं जाऊन बसले. सहाव्या दिवशी बाईंनी वही भिंतीवर फेकली. ती नेमकी चौथ्या रांगेतल्या बादलीत पडली. हेडफोनने ती काढून खिडकीत वाळत घातली आणि म्हणाली, "ओळ एकशे बारा, मॅडम."

दहाव्या दिवशी कंपनीच्या बाई आल्या, तीच वही घेऊन. एकतीस तारीख टाकली. प्रोग्रामने नम्रपणे सांगितलं की या महिन्यात ती तारीख नाही. पंचवीस वाजता टाकलं, तेही नाकारलं. सरळ बुकिंग टाकलं, ते यादीत दिसलं. त्यांनी मान हलवली आणि खुर्ची मागे सरकवली.

"आता मला घेतलेला तास रद्द करता यायला हवा. वीस मिनिटं. तू टाइप कर," त्या हेडफोनला म्हणाल्या. मग ब्रेकबाईंकडे वळल्या. "तुम्ही शेजारी. हात लावायचा नाही, बोलायचं."

हेडफोन भराभर लिहू लागली. आठव्या मिनिटाला बाईंना ते दिसलं. एक तास पुसायच्या जागी त्या ओळीने त्या दिवसाचे सगळेच तास पुसले गेले असते. बाईंचा हात उठला, त्यांनी तो पर्सच्या पट्ट्यात अडकवला. टेबलाखाली उजवा पाय दाबला गेला आणि गुडघ्यातून कळ थेट कमरेपर्यंत गेली. कीबोर्ड त्यांच्यापासून वीतभर अंतरावर. अर्ध्या मिनिटाचं काम. पण तोंडाने काय बोलायचं असतं हे अठरा वर्षांत कधी शिकायची वेळच आली नव्हती.

"ती ओळ चालली की काय काय पुसलं जाईल, सांग," त्या शेवटी म्हणाल्या.

"एक तास."

"चालवून बघ."

तिने चालवलं. दिवसाची यादी साफ. हेडफोनचे कान लाल झाले. ती त्या ओळीकडे बघत राहिली, एक मिनिट, दीड मिनिट, आणि बाईंना तो वेळ डॉक्टरांच्या वळणापेक्षाही मोठा वाटला. मग ती "अच्छा" म्हणाली, तारखेच्या जोडीला वेळ आणि गाडीचा नंबरही लिहिला, आणि पुन्हा चालवलं. एकच तास गेला. एकोणीस मिनिटं झाली होती.

कंपनीच्या बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. "दोघी पास," त्या म्हणाल्या. "शिकाऊ जागा मात्र एकच उरलीय. पाच पहिल्याच तपासणीत गेल्या. दुरुस्ती हिने केली, मी ती बघितली. तुम्ही चूक आधी पाहिलीत, तेही बघितलं मी. पण त्याला माझ्या कागदावर रकाना नाही. पुढच्या तुकडीला तुम्ही कीबोर्डवर बसा."

"पुढची तुकडी कधी?"

"सहा महिन्यांनी."

"तेरा दिवसांनी मला पंचेचाळीस पूर्ण होतात."

कंपनीच्या बाईंनी वही मिटली. त्यांनाही ते आवडलेलं नव्हतं, असं ब्रेकबाईंना वाटलं. पण आवडून न आवडून काही होणार नव्हतं. त्यांनी वयाच्या अटीत सूट मागणारा अर्ज करायला सांगितलं. बाईंनी अर्ज केला. उत्तर अकराव्या दिवशी आलं, अडीच ओळींचं. नियमात बसत नाही.

नणंद त्या दिवशी आली, पण चिमटा काढला नाही. यावरून घरात काय वातावरण असेल ते ओळखा. तिने स्वतः चहा केला. "हात पुढे केला असतात तर जागा तुमची होती ना, वहिनी?"

"हो."

"मग का नाही केलात?"

"मला तरी काय माहीत," बाई म्हणाल्या. आणि मग तासभर कंपनीच्या कागदावरच्या रकान्यांना शिव्या घातल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात दाताचे डॉक्टर परीक्षेत पास झाले. पहिल्या फटक्यात. त्यांनी स्कूलमध्ये पेढ्यांसारखे टूथब्रश वाटले. गल्लीत बातमी पसरायला दुपार पुरली, आणि काही जणांचा अजूनही विश्वास बसलेला नाही. हाडांच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यासमोर धरून विचारलं, "सूज उतरलीय. काम सोडलंत ना?"

"नाही. पाय खाली ठेवला."

"मग हे आधीच का नाही केलंत?"

याला मात्र त्या तोंड भरून बोलल्या. हे एवढं कळायला अठरा वर्षं, एक कॉलेज, दोन जिने आणि तेवीस चुका लागल्या, आणि त्यातून हाती आलं काय, तर होती तीच सीट. डॉक्टरांनी तो पाय आणखी वर्ष-दोन वर्षं टिकेल असं सांगितलं. कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला वयाची अट नव्हती. बाईंनी फी भरली. कुठे नेणार आहे हे वर्ष, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला माहीत नाही, आणि तू चष्मा पुसू नकोस."

हेडफोनचा कंपनीतला तिसरा दिवस होता. दुपारी बाई पायाला शेक घेत बसल्या असताना तिचा मेसेज आला. सोबत पडद्याचा फोटो, लाल अक्षरांनी भरलेला. "मॅडम, दोन तास झाले. सापडत नाहीये. इथे विचारायला लाज वाटते."

बाईंनी चष्मा शोधला, तो या वेळी याच पर्समध्ये होता. फोटो मोठा करून पाहिला. खालून दुसऱ्या ओळीत चूक लख्ख दिसत होती. त्यांनी लिहायला घेतलं. कोणती ओळ, कोणता शब्द, काय बदलायचं, सगळं लिहून काढलं, आणि पाठवायच्या बटणावर अंगठा नेला. मग जीभ चावून, जिवावर आल्यासारखं एकेक अक्षर पुसलं. त्या जागी लिहिलं : "लाल मजकूर मोठ्याने वाच. खालून वर."

पाठवलं, आणि फोन उशीखाली घालून वर बसल्या.

"काय झालं?" नवऱ्याने आतून विचारलं.

"काही नाही. पाय वळवळतोय."

दहा मिनिटं गेली. फोन वाजेना. बाईंनी उशी दोनदा उचलून खाली ठेवली.